क्यू आला, यू नाही! ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द तुम्ही कसे शोधता?

गोदाकाठ | १० मे, रात्री ११.०५

आमच्याकडे सुट्टी लागल्यापासून रोज रात्री जेवणं उरकली की स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द लावायच्या खेळाचा, बोर्ड मांडला जातो. खेळणारे दोघंच. माझे बाबा, वय ७६, निफाड तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आणि माझी मुलगी, यंदा आठवीत जाईल. मी गुण लिहिते.

बाबा पाचवीपासून इंग्रजी शिकले, तेही शब्दकोश उघडून उघडून. त्यामुळे त्यांना शब्द अर्थासकट येतात आणि खूप येतात. लेक इंग्रजी माध्यमात आहे. तिला शब्द कानावरून येतात, पटकन येतात, पण एखादं अवघड अक्षर हातात आलं की ती अडकते.

काल तिच्या रॅकवर, म्हणजे हातातल्या सात टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, क्यू, ए, टी, व्ही, आय, आय, एन अशी अक्षरं होती. यू नव्हता. ‘पाणी पिऊन येते’ म्हणून स्वयंपाकघरात गेली, फोनवर कुठल्याशा साइटवर ही सात अक्षरं टाकली आणि परत येऊन क्यू-ए-टी असा शब्द लावला. बाबा म्हणाले, असा शब्दच नाही. मग जाडजूड कोश निघाला. शब्द सापडला. येमेनकडे लोक ज्या झुडपाची पानं चघळतात ते झुडूप. बाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “शब्द खरा, डाव खोटा.” गुण दिले नाहीत. लेक रुसून झोपली.

तर दोन प्रश्न. एक, हातातली अक्षरं असलेले शब्द डोक्यातून शोधायची तुमची काय पद्धत आहे? दोन, साइटवर शोधणं चुकीचंच का? मला दोघांचंही पटतंय, म्हणूनच विचारते. अक्षरं मराठीतच लिहिली आहेत, कारण बाबाही हा धागा वाचणार आहेत.

अनुस्वार | १० मे, रात्री ११.३२

बाबांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पण त्या रॅकमध्ये आणखी सोपा शब्द होता. क्यू-आय! उच्चार ‘ची’. चिनी विचारात जिला प्राणशक्ती म्हणतात ती. बोर्डावर एखादा आय मोकळा असेल आणि त्याच्या शेजारचं घर तिप्पट अक्षराचं असेल, तर तिथे क्यू ठेवायचा आणि खाली दुसरा आय. आडवा क्यू-आय, उभाही क्यू-आय. क्यूचे १० गुण तिप्पट होऊन ३०, आयचा १, म्हणजे ३१, आणि दोन्ही दिशांना मिळून ६२. दोन टाइल्समध्ये ६२. लेकीला सांगा.

चांदवडकर | ११ मे, सकाळी ७.१०

पद्धत विचाराल तर आधी दोन अक्षरी शब्द. बाकी सगळं नंतर. अमेरिका-कॅनडा सोडून इतरत्र स्पर्धांमध्ये कॉलिन्स कोशाची शब्दयादी चालते, तीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. अमेरिकेच्या यादीत १०७. आठवड्याला वीस-पंचवीस केले तरी सुट्टीत होतात. एक्सचे तर सोपेच: एक्स-आय, एक्स-यू, आणि ए, ई, ओ यांच्या मागे एक्स. झेडला झेड-ए आहे, पिझ्झाचं लाडकं नाव. कॉलिन्समध्ये झेड-ओ पण आहे, याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. व्हीला मात्र दोन अक्षरी शब्द नाही. व्ही हातात आला की बदलायचा विचार लवकर करा, शेवटपर्यंत उराशी धरू नका.

शेवग्याची_शेंग | ११ मे, सकाळी ७.४८

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीतही हेच भांडण आहे.

बारव | ११ मे, सकाळी ९.२०

यू नसलेल्या क्यूबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण कळल्यापासून एकही शब्द पाठ करावा लागला नाही. इंग्रजीचे स्वतःचे शब्द क्यूच्या मागे यू घेऊनच येतात. ज्यांना यू लागत नाही ते बहुतेक बाहेरून आलेले, आणि त्यांतले निम्मेअधिक अरबी-फारसीतले. अरबीत घशातून काढायचा एक ‘क’ आहे, तो इंग्रजीत लिहिताना क्यू झाला. आपल्याकडे तो साधा ‘क’ किंवा ‘ख’ होऊन बसला, म्हणून ओळखू येत नाही इतकंच.

आता बघा. फकीर. नकाब. बुरखा. तलाक. कव्वाली. ही सगळी इंग्रजी कोशात क्यूने लिहिलेली आहेत, यूशिवाय. फकीरमध्ये क्यू मधोमध, तलाकमध्ये शेवटी. म्हणजे मुलीला शब्द नवा शिकवायचाच नाही, तिला येणारा शब्द कुठल्या वेशात बसलाय ते दाखवायचं.

आणि ‘कनात’. आपल्या मांडवाची कनात नव्हे. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे डोंगराकडून गावाकडे जमिनीखालून उताराने पाणी आणायचा बोगदा, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोकं. इराणातली विद्या. आपल्या मराठवाड्यात मलिक अंबरची नहर-ए-अंबरी याच जातीची. बाबा भूगोलाचे शिक्षक, त्यांना हा शब्द आवडेल.

गोदाकाठ | ११ मे, सकाळी १०.०२

बारव, बाबांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘कनात’वर लेकीला अर्धा तास नकाशा काढून दाखवला. अबोला संपला! आभार.

पांडवलेणी_पायथा | ११ मे, दुपारी १२.४०

मी वेगळं मत मांडतो. अर्थ माहीत नसताना शब्द लावण्यात मला काही राम वाटत नाही. दोन अक्षरी १२७ शब्द पाठ करणं म्हणजे पाढे म्हणणं झालं. मुलीची भाषा त्याने वाढत नाही. मी माझ्या मुलांना एकच नियम लावला होता: जो शब्द लावशील त्याचं एक वाक्य करून दाखव. नाही आलं तर टाइल्स परत. खेळ हळू चालायचा, पण त्यातले शब्द आजही त्यांच्या बोलण्यात आहेत. साइटबद्दल तर बोलायलाच नको.

चांदवडकर | ११ मे, दुपारी १.१५

पायथाभाऊ, मग नायजेल रिचर्ड्सचं काय करायचं? न्यूझीलंडचा हा खेळाडू २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा विजेता झाला. फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवडे फ्रेंच शब्दयादी वाचली आणि जिंकला. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. त्याच्यासाठी शब्द म्हणजे अक्षरांची आकृती, आणि त्या आकृतीवर त्याचं प्रेम आहे. तेही खरंच प्रेम आहे ना?

पांडवलेणी_पायथा | ११ मे, दुपारी १.३१

त्याचं कौतुक आहेच. पण तो स्पर्धा जिंकायला बसला होता. इथे आजोबा-नात जेवणानंतर बसतात. दोन्हीला एकच माप कसं लावणार?

शिंगाडा_तलाव | ११ मे, दुपारी २.०५

क्यू आला की मी शांतपणे रांगेत उभी राहते. क्यू-यू-ई-यू-ई. एक क्यू आणि मागे चार स्वर ओळीने उभे. स्वरांनी रॅक भरला असेल तर यासारखा शब्द नाही. :)

खिळेजुळारी | ११ मे, सायंकाळी ६.५०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण हा विषय माझ्या हातांचा आहे म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

मी १९७१ पासून तेवीस वर्षं मेन रोडजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि वकील मंडळींची इंग्रजी कामं. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, एकेक करून स्टिकमध्ये, म्हणजे ओळ धरायच्या हातातल्या पट्टीत, जुळवायचे. इंग्रजी खिळे लाकडी केसमध्ये असायचे, खण पाडलेले. कॅपिटल वरच्या केसमध्ये, लहान अक्षरं खालच्या केसमध्ये. संगणकावर आज अपर केस, लोअर केस म्हणतात ते तिथून आलं.

त्या खालच्या केसमध्ये सगळे खण सारखे नसतात. ईचा खण सर्वांत मोठा आणि बरोबर हाताशी. मग ए, टी, ओ, एन, आय, एस, आर यांचे मध्यम खण जवळजवळ. आणि क्यू, झेड, एक्स, जे यांचे चिमुकले खण कडेला. का, तर इंग्रजी मजकुरात ई इतका लागतो की तो संपला म्हणून काम अडायचं, आणि क्यूच्या खणात वर्षाची धूळ बसायची. कॅपिटलच्या केसमध्ये तर जे आणि यू झेडच्याही मागे बसवलेले, कारण ही दोन अक्षरं वर्णमालेत उशिरा आली तेव्हा खणांचा क्रम कोणी मोडला नाही.

निवृत्तीनंतर नातवाने स्क्रॅबलची पेटी आणली. पिशवीतल्या टाइल्स मी सवयीने वेगवेगळ्या लावल्या आणि बघतच राहिलो. ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, आणि क्यू, झेड, एक्स, जे, के एकेक. ही तर माझी केस! नंतर वाचलं की हा खेळ तयार करणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट, १९३० च्या आसपासच्या मंदीत काम गेलेला. त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून टाइल्स ठरवल्या. त्याने मोजलेलं पान कुणा कंपोझिटरने जुळवलेलंच असणार. फक्त एस त्याने मुद्दाम कमी ठेवले, चारच, नाहीतर प्रत्येक जण अनेकवचन करून सुटला असता. स्क्रॅबल हे नाव मात्र त्याचं नाही, ते १९४८ मध्ये जेम्स ब्रुनोने दिलं.

आता गोदाकाठताईंच्या पहिल्या प्रश्नाचं. खिळा आरशातल्यासारखा उलटा असतो. बी हा डीसारखा दिसतो, पी हा क्यूसारखा. त्यामुळे कंपोझिटरला शब्द दिसत नाही, अक्षरं दिसतात. अक्षरांतून शब्द काढायला हीच नजर लागते. नातवाला मी एवढंच शिकवलं की टाइल्स आल्या तशा ओळीत ठेवू नकोस. ओळीत ठेवल्या की डोळा त्या वाचायला लागतो आणि वाचायला लागला की अडकतो. गोल मांड. घड्याळासारख्या. मग कुठूनही सुरुवात करता येते. आणि आय-एन-जी, ई-डी, ई-आर यांतलं काही हाताला लागलं तर ते उजवीकडे वेगळं काढून ठेव, उरलेल्या चार-पाचांशी खेळ.

बाकी साइटचं मला कळत नाही.

अनुस्वार | ११ मे, सायंकाळी ७.१२

काका, कृपया लिहीत जा. ‘ही तर माझी केस’ वाचून अंगावर काटा आला.

कडकट्ट | ११ मे, रात्री ८.२५

खिळेजुळारी काकांना नमस्कार. तुमच्या त्या खणांचं आमच्याशीही नातं आहे. मी तारघरात होतो. तारेची टिंब-रेघांची लिपी ज्याच्या नावाने आहे त्या मोर्सचा सहकारी आल्फ्रेड वेल याने कोणतं अक्षर किती लागतं हे ठरवायला छापखान्यातले खिळेच पाहिले होते. म्हणून ई म्हणजे नुसतं एक टिंब. टी म्हणजे एक रेघ. क्यूला मात्र दोन रेघा, टिंब आणि परत रेघ. जो जास्त येतो त्याला वेळ कमी द्यायचा, हे गणित. आमच्या हातांनाही ई जाणवायचाच नाही आणि क्यू आला की बोट थबकायचं.

जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. त्या यंत्राचा आवाज अजून झोपेत येतो.

गोदाकाठ | ११ मे, रात्री ८.४०

मी साधा प्रश्न विचारला होता आणि इथे केवढं काय काय निघतंय. आज बाबांनी टाइल्स गोल मांडल्या. लेकीने विचारलं, आजोबा, घड्याळ का केलंत? त्यांनी तिला काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

अंबड_लिंकरोड | ११ मे, रात्री १०.५५

साइटवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, तर मी बोलतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं म्हणणं असं की साइट वापरणं आणि साइट काय करते ते समजणं यात फरक आहे. मुलीला दुसरं शिकवा. तिला आयुष्यभर उपयोगी पडेल.

छापील कोशाची अडचण काय? तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो. सुरुवात माहीत असेल तर ठीक. पण ‘मधे व्ही, शेवटी एन’ असा शब्द हवा असेल तर अख्खा कोश चाळावा लागेल. संगणकाला ते चाळणं जड नाही. शब्दांची साधी फाइल घ्यायची, एका ओळीत एक शब्द. त्यावर ग्रेप नावाची आज्ञा चालते. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. टोपीची खूण म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. क्यूच्या पुढे चौकटी कंस करून त्यात टोपी आणि यू लिहिलं की अर्थ होतो ‘क्यू, आणि त्यानंतर यू सोडून काहीही’. एका ओळीत बारवभाऊंचे सगळे फकीर-नकाब बाहेर येतात. फक्त शेवटी क्यू असलेले राहतात, कारण त्यांच्या पुढे अक्षरच नाही. तलाकसाठी क्यू आणि डॉलर असं वेगळं विचारावं लागतं. आणि शब्दात तीन अक्षरं कुठेही असलेली हवी असतील, क्रम माहीत नसेल, तर तीन गाळण्या एकापुढे एक लावायच्या. पहिलीतून ए असलेले, त्यांतून व्ही असलेले, त्यांतून एन असलेले.

एक सावधानता. लिनक्सवर जी तयार शब्दफाइल मिळते तिच्यात माणसांची, गावांचीही नावं असतात. ती खेळात चालत नाहीत. यादी योग्य घ्या. कॉलिन्सची पावणेतीन लाखांहून मोठी, अमेरिकेची दोन लाखांच्या आत.

अंबड_लिंकरोड | ११ मे, रात्री ११.१०

आणि ‘दिलेल्या अक्षरांतून कुठले शब्द’ हे साइट कसं सांगते, तर प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच वर्णक्रमाने लावून ठेवते. याला अल्फाग्राम म्हणतात. ‘रिटेन्स’, ‘नॅस्टिअर’, ‘रेटिनाज’, ‘स्टेनर’ हे चारही शब्द लावले की ए-ई-आय-एन-आर-एस-टी होतात. एकच चावी, चार कुलपं. तुमची सात अक्षरंही तशीच लावायची आणि चावी जुळते का बघायचं. मोठे खेळाडू हेच डोक्यात करतात. रॅकवर अक्षरं वर्णक्रमाने लावायची सवय म्हणून असते त्यांना.

खिळेजुळारी | १२ मे, सकाळी ६.१५

म्हणजे शब्द मोडून खिळे परत खणांत टाकायचे. आम्ही छपाई झाली की हेच करायचो. त्याला डिस्ट्रिब्यूट करणं म्हणत. समजलं. छान समजावलंत.

मोरपंखी_शाई | १२ मे, सकाळी ९.०५

थोडं अवांतर. हे सगळं मराठीत का होऊ नये? लहानपणी आम्ही नाव-गाव-फळ-फूल खेळायचो. ‘ण’ आला की सगळे गप्प, आणि ‘ठ’ला गाव म्हणजे सगळ्यांचं ठाणे, त्यामुळे गुण अर्धे. मराठी टाइल्सचा खेळ करून बघायचा मी एकदा पुठ्ठ्यावर प्रयत्न केला. ‘क’ एक टाइल धरायची की ‘कि’, ‘कु’, ‘के’ वेगवेगळ्या? मराठी शब्दकोड्यात एका घरात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसतं, ‘क्षि’ला सुद्धा एकच घर. उभ्या शब्दात ‘की’ आणि आडव्यात ‘कि’ आला की कोडंच मोडतं. शेवटी मी मात्रा वेगळ्या कापल्या. चारशे तुकडे झाले आणि पंख्याच्या वाऱ्याने घरभर.

खिळेजुळारी | १२ मे, सकाळी ९.४०

मोरपंखीताई, म्हणूनच मराठी कंपोझिटरला पगार जास्त हवा होता. आमच्याकडे मराठीचे खिळे शेकडो प्रकारचे. मात्रा वेगळ्या जुळवायच्या की अक्षरासकट ओतलेल्या घ्यायच्या, हा तुमचा प्रश्न छापखान्यांनीही पिढ्यान्पिढ्या सोडवला. डिग्री टाइप आणि अखंड टाइप असे दोन पंथच होते. तुम्ही पुठ्ठ्यावर केलात तो डिग्री.

देवळाली_कॅम्प | १२ मे, दुपारी ३.३०

इतके नाशिककर जमले आणि आपल्या मातीतला शब्द कोणी काढला नाही! लेकीला हा शिकवाच: डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय. डूलॅली. आठ अक्षरी, कॉलिन्सच्या यादीत आहे. अर्थ, डोकं फिरलेला. आणि हा शब्द म्हणजे आमची देवळाली.

इंग्रजांच्या काळात इथे फौजेची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे ठेवायचे. बोटी थंडीच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो इथेच अडकला. काम नाही, युद्ध नाही, वर उन्हाळा, आणि घर हजारो मैल लांब. काही जण भ्रमिष्ट झाले. मग फौजेच्या बोलीत ‘देवळाली टॅप’ असं म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ‘ताप’. त्याचा डूलॅली झाला आणि बोटीत बसून इंग्लंडला गेला. तिकडे आजही बोलण्यात आहे.

माझं घर त्या जुन्या बराकींच्या भागापासून फार लांब नाही. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा एखादा विशीतला पोरगा कट्ट्यावर बसून महिने मोजत असेल हे मनात येतं. शब्द गमतीचा म्हणून वापरतात. मला तो तसा वापरवत नाही.

गुण मात्र कमी. सगळे मिळून १२. एल तीन लागतात.

पांडवलेणी_पायथा | १२ मे, दुपारी ४.०२

हे वाचून माझा मुद्दा मलाच जास्त पटला. शब्दामागे माणूस असतो. अर्थ कळल्यावर तो विसरता येत नाही.

बारव | १२ मे, दुपारी ४.२०

मातीतला म्हणाल तर ‘मोंगूज’ विसरू नका. इंग्रजीने हा शब्द मराठीतून उचलला, आपला मुंगूस. जी आणि तीन ओ आले की बघा. घाट, घी, धोती, तबला, लाख, क्रोर हे सगळे कोशात आहेत. ‘लाख’ची इंग्रजी अक्षरं एल-ए-के-एच, एच-केच्या जोडीने ११ गुण सहज होतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे शब्द ‘चालतील’ असं वाटतच नाही. ती आधी परके शब्द आठवत बसतात.

शेवग्याची_शेंग | १२ मे, सायंकाळी ५.१५

एक खेळ सुचला. नाशिकची इंग्रजी अक्षरं घ्या, एन-ए-एस-एच-आय-के. सहाही वापरून नाही, पण त्यातून शब्द काढा. गूगल बंद! मी सुरू करते: इंक, आस्क, स्किन, सिंक.

शिंगाडा_तलाव | १२ मे, सायंकाळी ५.२२

अकिन, सँक, हँक. आणि शँक, पाच अक्षरी.

चांदवडकर | १२ मे, सायंकाळी ५.४०

खान. आणि अँख, इजिप्तचं ते वर फासा असलेलं चिन्ह. निश पण, के-एन-आय-एस-एच, पण त्याचा उच्चार ‘क्निश’, ज्यू लोकांचा सारण भरलेला पदार्थ. पाच अक्षरांचे १२ गुण.

बारव | १२ मे, सायंकाळी ६.०५

नाशी! एन-ए-एस-एच-आय. जपानी नासपती, सफरचंदासारखं गोल फळ. नुसता के उरतो. द्राक्षाच्या गावाच्या पोटात नासपती निघाली. :)

शेवग्याची_शेंग | १२ मे, सायंकाळी ६.०७

बारवभाऊ जिंकले. मिसळ माझ्याकडून.

संदर्भ_विभाग | १३ मे, सकाळी ११.४५

सगळा धागा आज वाचला. मूळ दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी नीट बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

मी शाळेत असताना सार्वजनिक वाचनालयात जायचे. १८४० सालचं आपलं वाचनालय. तिथे बसून इंग्रजी शब्दकोड्याचा एखादा शब्द शोधायचा तर कोशाची पानंच्या पानं उलटावी लागायची. हवा तो शब्द क्वचित मिळायचा, पण वाटेत वीस नको असलेले भेटायचे आणि त्यांतले पाच घरी यायचे. साइट नेमका शब्द देते आणि वाटच काढून घेते. आजोबांना बोचलं ते हेच असावं. फसवणूक हा शब्द मुलीसाठी फार मोठा आहे. तिने तर उलट उत्सुकतेने शोधला.

माझ्या घरी आम्ही वेळ वाटून घेतली आहे. डाव चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत. डाव संपला की प्रत्येकाने आपला सर्वांत वाईट रॅक आठवायचा, तो साइटवर टाकायचा आणि काय सुटलं ते बघायचं. सुटलेला शब्द डोळ्यांसमोर हरवलेल्या गुणांसकट दिसतो, म्हणून तो पक्का बसतो. रोज एकच शब्द. त्याचा अर्थ बघायचा, पायथाभाऊ म्हणतात तसं वाक्य करायचं. दुसऱ्या दिवशी तो कोणीही वापरू शकतं.

रोज सकाळी वर्डल हा ऑनलाइन शब्दखेळही खेळतो. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. तिथे उलटी सवय लागते. कुठली अक्षरं नाहीत हे कळलं की उरलेल्यांतून शब्द कसा उभा राहतो ते दिसतं. मुलीला सकाळी ते आणि रात्री हे, असं करून बघा.

अंबड_लिंकरोड | १३ मे, दुपारी १२.३०

मान्य. खेळून झाल्यावर शोध, हा नियम मलाही आवडला. माझी ग्रेपची गाळणी तेव्हा लावा.

गोदाकाठ | १५ मे, रात्री ११.२०

दोन दिवस वीज जात-येत होती, म्हणून उशीर.

संदर्भ_विभाग, तुमचा नियम लागू झाला. बाबा आणि लेक दोघांनीही मान्य केला. बाबांनी त्यात एक कलम घातलं: त्या दिवशीच्या क्यू-ए-टीचे गुण लेकीला मागाहून द्यायचे. अर्धे. तिने घासाघीस करून पाऊण केले.

आजचा डाव सांगते. बाबांनी सुरुवातीच्या खेळ्यांतच ए-एल-एल-वाय असा शब्द लावला, ॲलाय, उजव्या कडेला टेकेल असा. लेकीने बघितलं आणि एकदम ताठ बसली. मी तिच्या मागे होते, मला रॅक दिसत होता. डी, ओ, एल, शिवाय आर, ई, टी, एच. आणखी एक ओ आला की चार अक्षरं डावीकडे जोडून देवळाली! ती जागा मोकळी ठेवत, इकडेतिकडे लहान लहान शब्द लावत तिने एकेक खेळी काढली. डी, ओ, एल हातातून सोडले नाहीत. पिशवीत हात घालताना दर वेळी डोळे मिटायची. बाबा विचारत होते, एवढे कमी गुण का घेते आहेस? ती काही बोलेना.

पिशवी संपली. ओ आला नाही. ११ गुणांनी हरली.

मग नियमाप्रमाणे दोघांनी उरलेल्या टाइल्स उलट्या केल्या. लेकीने तिन्ही टाइल्स त्या ॲलायच्या डावीकडे, मध्ये एक घर रिकामं सोडून मांडल्या आणि आजोबांकडे बघितलं. बाबांनी क्षणभर पाहिलं आणि स्वतःच्या रॅकवरची शेवटची टाइल उचलून त्या घरात ठेवली. ओ होता.

देवळाली_कॅम्प | १५ मे, रात्री ११.३४

रविवारी दोघांना घेऊन घरी या. छावणीचा भाग मी दाखवतो. बोर्ड आणा बरोबर.